व्हर्नाच्या अंगणातलं पिंप

“पिंपाला बूड कशासाठी असतं, व्हर्ना?” माझ्या नवऱ्याने, थानासीने, कुंपणावरून विचारलं.

“कापून काढायला,” व्हर्ना म्हणाली आणि तिने करवत पुन्हा चालवायला घेतली.

बहात्तर वर्षांची बाई, गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन अंगणात बसली होती. समोर कचऱ्याचं एक हिरवं पिंप आडवं पाडलेलं. पिंपाच्या अंगाला तिने ड्रिलने भोकं पाडून ठेवली होती आणि आता बूड कापून काढायचं चाललं होतं. शेजारी तिची कुत्री डोरिस उन्हात पसरली होती. डोरिस ग्रेहाउंड. शर्यतीत कधीकाळी धावली असेल, पण मी तिला पाहिलं ते कायम आडवंच.

थानासी आणि व्हर्नामध्ये आठ दिवसांत झालेलं हे पहिलं बोलणं. म्हणून मी हातातले ओले कपडे तसेच ठेवले आणि दोरीपाशी उभी राहिले.

“खड्डा कसला खणलायस? कबर?” थानासीने विचारलं.

“कबरच. डोरिसच्या शीची. तुझी हरकत नाही ना? का त्याच्यावर पण सह्या गोळा करणारेस?”

थानासी आत निघून गेला. मी कपडे वाळत घालत राहिले, पण त्याने स्वयंपाकघराचं दार जरा जोरातच लावलेलं मला ऐकू आलं.

सह्यांची गोष्ट अशी. ऑस्ट्रेलियाच्या या किनाऱ्यावर आमचं घर खाडीतल्या कालवांवर, म्हणजे ऑयस्टरवर चालतं. थानासीच्या वडिलांनी सुरू केलेलं काम. खाडीत ओळीने खांब, खांबांवर ट्रे, ट्रेमध्ये कालवं. मोठा पाऊस झाला की डोंगरावरची, रस्त्यावरची सगळी घाण वाहून खाडीत येते. कालव पाणी गाळून पोट भरतं, म्हणजे पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात. मग पाणी तपासून ‘ठीक’ म्हणेपर्यंत एकही कालव बाहेर काढायचं नाही. एरवी आठ-दहा दिवसांत खाडी उघडते. या फेब्रुवारीत तीन आठवडे बंद होती, आणि प्रयोगशाळेने कारणही सांगितलं. पाण्यात पक्ष्यांची होती, गुरांची होती, पण कुत्र्यांची घाण फार होती.

गावातली सगळी कुत्री फिरतात ती ओढ्याकाठच्या वाटेवर. कालववाल्यांनी कौन्सिलला अर्ज दिला की त्या वाटेवर कुत्र्यांना बंदी घाला. पहिली सही थानासीची.

आमचं गाव सगळं चढउताराचं. सपाट वाट ती एकच. व्हर्नाचा नवरा क्लेम चार वर्षांपूर्वी वारला, त्यानंतर तिचा खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं की रोज चाला, नाहीतर खुर्चीत बसाल ते बसालच. तेव्हा तिने डोरिसला आणलं. “एकटी बाई फिरताना वेडी वाटते,” ती मला म्हणाली होती, “हातात पट्टा असला की शहाणी दिसते.” रोज सकाळी दोघी त्या वाटेने जायच्या आणि यायच्या. व्हर्नाने डोरिसचं काही कधी मागे टाकलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

थानासीलाही ते माहीत होतं. “व्हर्नाबद्दल कोण बोलतंय?” तो मला म्हणाला. “पण नियम एकटीला वगळून करता येतो का? आणि माझं काय? मी कालवांना सांगू का, की बाबांनो, तीन आठवडे श्वास धरा?”

दोघंही खरं बोलत होते, हाच त्रास होता.

व्हर्ना पस्तीस वर्षं जिल्ह्याच्या इस्पितळात होती. नर्स नव्हे. वॉर्डच्या टोकाला एक खोली असते, तिथे रुग्णांची बेडपॅन रिकामी होतात, धुतली जातात. ती तिची खोली. सुरुवातीला सगळं हाताने, नंतर यंत्र आलं, तरी यंत्रात घालायचं हातानेच. एकदा नाताळच्या जेवणाला माझी नणंद तिला म्हणाली, “शी, कसं गं जमायचं तुला?” व्हर्नाने कोळंबी सोलता सोलता उत्तर दिलं, “दुसऱ्याची घाण काढायला काही लागत नाही. आपली दुसऱ्याने काढायची वेळ येते ना, तेव्हा माणूस रडतं. मी त्यांच्याशी क्रिकेटचं बोलायचे.” नंतर नणंदेने कोळंबी खाल्ली नाही.

तर ते पिंप. बूड कापलेलं पिंप तिने अंगणाच्या वरच्या कोपऱ्यात, भाजीच्या वाफ्यापासून लांब, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं. वर फक्त झाकण दिसायचं. आत सुकी पानं, मग कंपोस्टची मूठभर लाल गांडुळं. रोजची डोरिसची शी खुरप्याने उचलून आत टाकायची, वर सुताराकडून आणलेला भुसा, आणि झाकण. मी विचारलं, “खत होईल ते कशाला घालणार? टोमॅटोला?”

“खायच्या कशालाही नाही. कुत्र्याच्या पोटातले जंत मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कुंपणाच्या झुडपांना घालीन. झुडपं कोण खातंय?”

“आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कचऱ्यात टाकलं तर काय बिघडतं?”

“बिघडत काही नाही. पिशवीसकट शंभर वर्षं तसंच पडून राहतं, एवढंच. डोरिसची एवढी आठवण कुणी ठेवायची गरज नाही.”

पंधरा दिवस छान गेले. सोळाव्या दिवशी वास आला. साधासुधा नाही, आम्ही जेवायच्या खोलीची खिडकी लावून घेतली. थानासी कुंपणाशी गेला.

“व्हर्ना, खाडीत घाण माझ्याच वाट्याला, आता वास पण?”

“आलाय मलाही. नाक अजून शाबूत आहे.” ती झाकण उघडून आत वाकली होती. बराच वेळ तशीच. मग सरळ झाली आणि तिचा चेहरा उतरलेला होता. “मेली सगळी.”

“कोण?”

“गांडुळं.”

थानासीला हसावं की नाही कळेना. मी फाटकातून तिच्याकडे गेले. पिंपात सगळं चिकट, काळं, तसंच साचलेलं. गांडुळं पांढुरकी पडली होती. भुसा नीट, ओल नीट, ऊन लागत नव्हतं. व्हर्ना तिथेच पायरीवर बसली आणि एकेक दिवस मागे मोजत गेली. अचानक तिने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं.

“जंताची गोळी! गेल्या रविवारी डोरिसला जंताची गोळी दिली मी. ती हिच्या पोटातून खाली उतरली आणि पिंपात गेली. गोळीला काय कळतंय, हा जंत वाईट आणि हे गांडूळ कामाचं!”

“मग आता?”

“आता काय, उपसायचं. गोळी दिली की पुढचे दोन आठवडे पिंपाला उपास. तेवढ्यापुरतं बांधून कचऱ्यात.”

तिने हातमोजे चढवले आणि सगळं पिंप एकटीने उपसलं. मला हात लावू दिला नाही. “तुला सवय नाही, उगीच तोंड वाकडं करशील,” म्हणाली. मग बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, तोंडाने काहीतरी मोजत. थानासी आमच्या पायरीवरून बघत होता. संध्याकाळी तो आमच्या कंपोस्टच्या ढिगातली गांडुळं एका जुन्या डब्यात घेऊन गेला, फाटकावर ठेवून आला. फाटक वाजवलं नाही.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी सभागृहात सभा झाली. सगळं गाव आलं होतं. एका बाजूला कालववाले, दुसऱ्या बाजूला कुत्रेवाले, लग्नात दोन पक्ष बसतात तसे. मी थानासीशेजारी बसले. व्हर्ना समोरच्या बाजूला, पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी ठेवून.

कौन्सिलच्या बाईने आकडे सांगितले. मग आरडाओरडा. डग्लस मिचम, ज्याची तीन कुत्री आहेत, उठून म्हणाला, “बदकं काय संडासात जातात का? आधी बदकांना बंदी घाला!” लोक हसले. एका कालववाल्याने उत्तर दिलं, “बदकं पिशवीत बांधून कुंपणाला टांगून ठेवत नाहीत, डग!” त्यावर अजून हशा, कारण हे खरं होतं. लोक उचलायचे, पिशवीला गाठ मारायचे, ‘परत येताना घेऊ’ म्हणून तारेला अडकवायचे आणि दुसऱ्या वाटेने घरी जायचे.

व्हर्ना उभी राहिली. कौन्सिलची बाई म्हणाली, “तुम्ही बसून बोललात तरी चालेल.”

“नको. बसलं की लोकांना वाटतं संपलं.” ती वळली, आमच्या बाजूला तोंड करून. “मला वाटेबद्दल बोलायचं नाही. वाटेवरचं दिसतं, म्हणून त्याची बोंब होते. मला घरामागचं बोलायचंय.”

“आता हेच ऐकायचं राहिलं होतं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“ऐकाच. फिरायला गेल्यावर मी डोरिसची पिशवी भरते. सगळे बघतात. पण डोरिस घरीही करते, माझ्या अंगणात, दिवसातून दोनदा. ते कुठे जातं, मला कुणी विचारलंय का आजवर? मी शनिवारी पाण्याची नळी लावायचे आणि सगळं रस्त्याकडेच्या गटारात लोटायचे. डोरिसच्या आधी टफी होता, त्याच्या आधी पेग होती. त्यांचंही तसंच. मला वाटायचं गटार मैलापाण्याच्या केंद्राकडे जातं. तो अर्ज निघाला तेव्हा कौन्सिलला फोन करून विचारलं. ते पावसाचं गटार आहे. ते कुठेच थांबत नाही. सरळ ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत.”



“एकोणीस वर्षं,” व्हर्ना म्हणाली, “मी थानासीच्या कालवांवर दर शनिवारी हे सोडत आलेय. त्याच्या मुलीच्या बारशाला मी त्याचीच कालवं खाल्लीत. इस्पितळात पस्तीस वर्षं मी एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही आणि घरी मात्र नळी मारत होते. मला लाज वाटते. तेवढंच सांगायचं होतं. इथे ज्यांच्याकडे नळी आहे, त्यांनी आपापलं बघावं.”

ती बसली. काठी खाली पडली, ती डग्लसने उचलून दिली.  मग मागच्या रांगेतली टॅमसिन, आमच्या गल्लीच्या टोकाची तरुण मुलगी, हळूच म्हणाली, “मी पण नळीच मारते.” मग अजून एक. मग डग्लस मिचम, तीन कुत्र्यांचा धनी, मान खाली घालून, “पावसाआधी मारली की बरं असतं, असं मला वाटायचं.”

मी थानासीकडे पाहिलं नाही. त्याने माझा हात धरला होता, एवढं कळलं.

शेवटी कौन्सिलने बंदीचा निर्णय वसंतातल्या, म्हणजे ऑक्टोबरच्या मोठ्या पावसापर्यंत पुढे ढकलला. पाणी सुधारलं तर बघू, नाही सुधारलं तर बंदी.

आम्ही घरी परतलो. फाटकाशी व्हर्ना किल्ली शोधत उभी होती. तो तिच्यापाशी थांबला.

“तू मला आधी सांगायचंस. सगळ्या गावासमोर कशाला?”

“तुला एकट्याला सांगितलं असतं तर तू मला माफ केलं असतंस,” व्हर्ना म्हणाली. “आणि गटार तसंच वाहत राहिलं असतं.”

“माफ केलं असतं असं कोण म्हणतं?”

“मी ओळखते ना तुला. गांडुळं कुणी ठेवली होती फाटकावर? बदकांनी?”

त्या हिवाळ्यात, जून-जुलैत, आमच्या भागात अकरा घरांत पिंपं पुरली गेली. खड्डे थानासीने खणले. कालवांचे खांब रोवायचं त्याचं यंत्र होतं, पाच मिनिटांत खड्डा. व्हर्ना मागून काठी टेकत जायची आणि जागा दाखवायची. ओढ्यालगतच्या दोन घरांना तिने साफ नाही म्हटलं. “हातभर खणलं की पाणी लागतं इथे. पिंप नको. कागदात गुंडाळा आणि कचऱ्यात टाका.” डग्लसच्या चिकणमातीत पाणी मुरेना, तेव्हा तिने त्याच्याकडून खड्डा दुप्पट खोल करवून घेतला आणि तळाशी खडी ओतवली. डग्लस म्हणाला, “बाई, मी कुत्री पाळलीत का हत्ती?”

“तीन कुत्री म्हणजे एक हत्तीच. खण.”

टॅमसिनकडे कुत्र्याबरोबर एक मांजरही होतं. तीही व्हर्नाकडे विचारायला आली, हातात मांजराच्या मातीचा ट्रे, आणि पोट चांगलं दिसायला लागलेलं.

“ठेव तो खाली,” व्हर्ना म्हणाली. आवाज असा की टॅमसिनने लगेच ठेवला. “कितवा महिना?”

“पाचवा. का?”

“मांजराच्या शीत एक जंतू असतो. तुला काही होणार नाही, पण बाळाच्या डोळ्यांवर, मेंदूवर जातो. डॉक्टरांनी नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं बहुतेक. पण जोश, माझा नवरा, खाणीवर कामाला असतो, दोन आठवडे घरी येत नाही. मग कोण करणार?”

“मी. रोज सकाळी. आणि मांजराचं पिंपात नाही घालायचं. डबल पिशवी, घट्ट गाठ, कचऱ्यात. तू घरात हात धू जा, आणि डॉक्टरांना सांग.”

बाळ होईपर्यंत, रोज, पावसातसुद्धा, व्हर्ना टॅमसिनचा ट्रे साफ करायला जायची. टॅमसिन तिला चहा द्यायची. व्हर्ना चहा उभ्यानेच प्यायची, कारण डोरिस बाहेर थांबलेली असायची.

ऑगस्टमध्ये डोरिस लंगडायला लागली. ग्रेहाउंडला होतं तसं, हाडातलं दुखणं. जनावरांच्या डॉक्टरने पायाचा एक्स-रे दाखवला आणि व्हर्नाने काही विचारलं नाही. इस्पितळात काढलेली वर्षं तेवढ्या कामाला येतात. डॉक्टर घरीच आली, शुक्रवारी दुपारी, शेवटचं इंजेक्शन घेऊन. डोरिस तिच्या गादीवर, डोकं व्हर्नाच्या मांडीवर. व्हर्ना तिला क्रिकेटचं सांगत होती. ऑस्ट्रेलिया त्या दिवशी खेळतसुद्धा नव्हती.

थानासीने खड्डा हाताने खणला. यंत्र आणलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबाभर सूप घेऊन गेले तेव्हा व्हर्ना अंगणात होती. गवतात काहीतरी शोधत असावी असं वाटलं. मग ती वाकली, सावकाश, एक हात कंबरेवर. डोरिसची शेवटची शी होती, शुक्रवार सकाळची. तिने ती खुरप्याने उचलली, पिंपात टाकली, वर मूठभर भुसा, झाकण. नळावर हात धुतले. मग मला म्हणाली, “कसलं सूप आहे?”

“मसुराचं.”

“लिंबू घातलंयस?”

“घातलंय.”

“मग ये आत.”

ऑक्टोबरात पाऊस आला तो चार दिवस थांबला नाही. ओढा वाटेवर चढला. खाडी तपकिरी झाली, बंद झाली. थानासी रोज धक्क्यावर जाऊन पाणी बघायचा, जणू बघून कळतं. प्रयोगशाळेचा फोन नवव्या दिवशी आला. खाडी उघडली. कुत्र्यांचं होतं, पण फेब्रुवारीच्या मानाने पुष्कळ कमी. कौन्सिलने वाट उघडी ठेवली. अजून एक वर्ष बघू म्हणाले. सगळं पिंपांमुळेच झालं असं प्रयोगशाळेच्या माणसाने काही म्हटलं नाही. पाऊस वेगळा होता, वारा वेगळा होता. थानासी म्हणाला, “त्याला जे म्हणायचंय ते म्हणू दे.”

त्या दिवशी त्याने डझनभर कालवं काढली आणि व्हर्नाच्या ओट्यावर उभा राहून तिच्यासमोर फोडली. पहिलं तिला दिलं. तिने ते वर-खाली करून पाहिलं.

“खा, खा,” थानासी म्हणाला. “यात तुझं काही नाही.”

व्हर्ना इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग तिने डोळे पुसले आणि आठ खाल्ली.

मी सांगितलं तिला, दुसरी कुत्री आण. ती म्हणाली, “माझं वय बघ. मी गेल्यावर तिचं कोण काढणार?” पण चालायला तर हवंच. म्हणून हल्ली सकाळी मी तिच्याबरोबर त्या वाटेवर जाते. लोक आपापली कुत्री घेऊन भेटतात, थांबतात. कुणी झाकण किती घट्ट हवं ते विचारतं, कुणी भुसा कुठे मिळेल ते. ती सगळ्यांना उत्तर देते, कुत्र्यांना नावाने हाक मारते.

अर्ध्या वाटेवर लाकडी पूल लागतो. परवा पुलाच्या तोंडाशी ती थांबली. मला वाटलं कंबर दुखतेय, म्हणून मी हात पुढे केला. तिने मान हलवली. कठड्याच्या पहिल्या खांबाकडे बघत ती नुसती उभी राहिली. खाली ओहोटीचं पाणी चाललं होतं. डोरिसला तो खांब नीट हुंगायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ गेला असेल.

“चल,” ती म्हणाली, आणि आम्ही पूल ओलांडला.